अंगठा दिला की दाखवला?

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात जवस मोठ्या प्रमाणावर पिकतं. मार्च २०२१ मध्ये तिथल्या एका धान्य खरेदी कंपनीच्या माणसानं एका शेतकऱ्याशी फोनवर बोलणी केली आणि ८७ टन जवसाचा करार तयार केला. भाव बुशेलला १७ डॉलर, माल नोव्हेंबरमध्ये पोचवायचा. करारावर स्वतःची सही करून त्यानं त्या कागदाचा फोटो काढला, शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं की जवसाचा करार कृपया कन्फर्म करा. उत्तरादाखल आला वर केलेला अंगठा. बाकी एक अक्षर नाही.

नोव्हेंबर आला, जवस काही आलं नाही. दरम्यान भाव ४१ डॉलरवर चढला होता. कंपनी कोर्टात गेली. शेतकऱ्याचं म्हणणं असं की अंगठा टाकला तो ‘मेसेज मिळाला’ एवढं कळवायला. कराराचा पूर्ण मसुदा फॅक्सनं किंवा ईमेलनं येईल, तो वाचून मग काय ते ठरवू, असं मी धरून चाललो होतो. त्याच्या वकिलानं तर इशाराच दिला की अंगठ्याला आज सही मानलंत, तर उद्या हस्तांदोलनाचा इमोजी, मुठीचा इमोजी, सगळ्यांचेच अर्थ कोर्टाला लावत बसावे लागतील. न्यायमूर्ती टी. जे. कीन यांनी २०२३ मध्ये निकाल दिला तो कंपनीच्या बाजूनं. भरपाई ८२,२०० डॉलर आणि वर २१ सेंट.

निकाल जगभर गाजला तो ‘अंगठा म्हणजे सही’ अशा मथळ्याखाली. मथळा अर्धवट होता. या दोघांमध्ये आधीही असेच करार झाले होते: कंपनीनं फोटो पाठवायचा आणि शेतकऱ्यानं ‘ओके’, ‘यप’, ‘लुक्स गुड’ असं काहीतरी खरडायचं. त्या त्या वेळी माल बिनबोभाट पोचला होता, पैसेही मिळाले होते. म्हणजे अंगठ्याला अर्थ आला तो मागच्या व्यवहारांमुळे, चित्रामुळे नव्हे. भाव उतरला असता तर याच शेतकऱ्यानं याच अंगठ्याकडे बोट दाखवून ‘करार झालाय, माल उचला’ म्हटलं नसतं कशावरून? अपिलातही डिसेंबर २०२४ मध्ये निकाल कायम राहिला, पण दोन विरुद्ध एक अशा मतांनी. कायदा कोळून प्यालेल्या तीन न्यायाधीशांमध्येही एका अंगठ्यावर एकमत होऊ शकलं नाही.

आता आपल्याकडे या. फेब्रुवारी २०१८ मध्ये मेघालयात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका अधिकाऱ्याचा खून झाला. त्याची बातमी दलाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आणि एका शिपायानं तिच्याखाली अंगठा टाकला. वरिष्ठांच्या लेखी हा खुनाचा आनंद साजरा करणं होतं. शिपाई बडतर्फ झाला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये खंडपीठानं त्याला नोकरीत परत घेण्याचा आदेश कायम ठेवला. अंगठा हा ‘ओके’ शब्दाला पर्याय मानता येईल, संदेश पाहिल्याची ती पोच आहे, त्यातून खुनाचं समर्थन निघत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कॅनडातल्या शेतकऱ्याचा बचावही जवळपास हाच होता. तिथं तो चालला नाही, इथं चालला, आणि माझ्या मते दोन्ही निकाल बरोबर आहेत.

गृहनिर्माण सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्याचा हा घोळ दर महिन्याला होतो. सेक्रेटरी लिहितात, ‘मेंटेनन्स पुढच्या तिमाहीपासून वाढवत आहोत.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. वार्षिक सभेत तेच सभासद उभे राहून विचारतात, ‘आम्हाला न विचारता वाढवलाच कसा?’ सेक्रेटरी मोबाइल पुढे करतात. ‘अहो काका, अंगठा दिला होतात की तुम्ही!’ त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं: ‘वाचलं म्हणून दिला. मान्य आहे असं कुठे म्हटलं?’ काका खोटं बोलतायत का? त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं हे बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही. पण दोन्ही अर्थांची सोय त्यांनी ठेवली होती, आणि वेळ आली तेव्हा सोयीचा तो अर्थ उचलला.

इमोजी आणि फसवणूक म्हटलं की आपल्याला खोटा हसरा चेहरा आठवतो. माझ्या मते तो भाग किरकोळ आहे. खरी गंमत नंतर हात झटकता येण्याच्या या सोयीत आहे.

माणूस लेखी खोटं बोलायला कचरतो. जेफ हॅनकॉक या संशोधकानं कॉर्नेल विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांनी आठवडाभर आपल्या संभाषणांची आणि त्यांत मारलेल्या थापांची नोंद ठेवायची. समोरासमोरच्या बोलण्यांपैकी २७ टक्क्यांमध्ये खोटं निघालं, फोनवर ३७ टक्के आणि ईमेलमध्ये जेमतेम १४. ईमेल लिहिताना तर विचार करायला वेळ असतो, समोरच्याचे डोळे चुकवावे लागत नाहीत, तरी तिथं खोटं सगळ्यात कमी. लिहिलेलं मागे उरतं, उद्या कुणी तोंडावर फेकू शकतं, हे त्याचं सरळ कारण असावं. बोलण्यात मात्र स्वर असतो, डोळा मारता येतो, खांदे उडवता येतात, आणि यातलं काहीच कागदावर येत नाही. ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची जागा तिथं शिल्लक असते. इमोजीनं ती जागा लेखनात आणून ठेवली. अक्षरांची नोंद राहते, चित्राचीही राहते, पण चित्र म्हणजे नेमकं काय म्हटलं होतं याची राहत नाही.

सुरुवात नेमकी उलट हेतूनं झाली होती. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागाचा एक इलेक्ट्रॉनिक सूचनाफलक होता. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये तिथं चर्चा रंगली होती की तुटून खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब आणि पेटती मेणबत्ती ठेवली तर काय होईल. कुणीतरी थट्टेनं सूचना टाकली की या प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि थोडी आगही लागलीय. काहींनी ती खरी मानली. तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबरला सुचवलं की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हं टाका. मान कलती करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. पुढे त्यांनी अशीही पुस्ती जोडली की फलकावर बहुतेक थट्टाच चालते, तेव्हा जे थट्टा नाही त्यावर खूण करणं जास्त काटकसरीचं ठरेल, आणि त्यासाठी कंस उलटा करा. म्हणजे आज ज्याला आपण रडका चेहरा समजतो तो जन्मला ‘हे मी गंभीरपणे म्हणतोय’ एवढं सांगायला. पहिल्याच दिवसाचा अर्थ टिकला नाही.

फालमन यांनी पकडलेली अडचण मात्र खरी होती. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एपली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही गंभीर तर काही उपरोधिक वाक्यं ईमेलनं पाठवायला लावली. आपला उपरोध समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा किंचित बरा. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात घुमत असतो, वाचणाऱ्याच्या कानात नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांच्या कानावर असतो. १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रं बनवली, प्रत्येक १२ गुणिले १२ ठिपक्यांचं. २०१० मध्ये युनिकोडनं इमोजींना आपल्या प्रमाणित यादीत जागा दिली आणि मग ते जगभरच्या फोनांत शिरले. यात एक तांत्रिक बारकावा आहे आणि फसगतीचं एक मूळ तिथंच आहे. तुमच्या फोनवरून चित्र जातच नाही, जातो एक क्रमांक. त्या क्रमांकाला कुठलं चित्र दाखवायचं हे समोरच्या फोनचा किंवा अॅपचा निर्माता ठरवतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं लोकांपुढे ठेवली. ‘हसरे डोळे असलेला दात दाखवणारा चेहरा’ हा इमोजी इतर फोनांवर आनंदी वाटत होता. अॅपलच्या तेव्हाच्या चित्रात मात्र दात असे आवळलेले, की बघणाऱ्यांनी त्याला नकारात्मक गुण दिले. एकानं आनंदानं पाठवलं, दुसऱ्याला वाटलं हा दातओठ खातोय. एकच चित्र दाखवलं तरी भाव चांगला, वाईट की तटस्थ, यावर चारातल्या एका वेळी लोकांचं जमत नव्हतं. त्याच वर्षी अॅपलनं पिस्तुलाच्या जागी हिरवी पिचकारी आणली. इतर मोठ्या कंपन्या २०१८ पर्यंत तिकडे वळल्या. मधली दोन वर्षं आयफोनवरून पिचकारीची गंमत निघायची आणि दुसऱ्या फोनवर पिस्तूल पोचायचं. एक्सनं तर २०२४ मध्ये पुन्हा खरं पिस्तूल आणलं.

हा झाला गैरसमज. जाणूनबुजून मुखवटा चढवणं वेगळं. ड्यूशेन या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञानं १८६२ मध्येच दाखवलं होतं की खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, आणि तो सहसा हुकमी हलत नाही. म्हणून लग्नाच्या अल्बममधलं विहीणबाईंचं हसू आपल्याला बरोबर कळतं. इमोजीला असा चुगलखोर स्नायू नाही. टोकियो विद्यापीठाच्या मोयू लिऊ यांनी २०२३ मध्ये जपानी मोबाइल कीबोर्ड वापरणाऱ्या १,२८९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या मित्रांशी लोक इमोजी जास्त वापरत होते, वरिष्ठांशी कमी. मनातली नाराजी झाकायला हसरे इमोजी सर्रास पुढे केले जात होते. नकारात्मक इमोजी मात्र ती भावना खरोखर तीव्र असेल तेव्हाच. थोडक्यात, रागावलेला चेहरा बहुधा खरा असतो, हसऱ्याची खात्री नाही. नणंदेनं वाढदिवसाचा केक घरी केला, फोटो टाकला, केक एका बाजूला खचलाय. तरी खाली हृदयाचे डोळे असलेले चेहरे पडतातच. त्याला फसवणूक म्हणायला माझं मन धजत नाही. बारशाच्या आमंत्रणाला ‘नक्की येतो’ म्हणून न जाणारे इमोजीच्या आधीपासून होते.

चीनमधल्या तरुणांनी तर साध्या स्मितहास्याचा काटाच काढला. त्यांच्यात तो चेहरा आला की समजायचं, समोरच्यानं तुम्हाला तुच्छतेनं झटकलंय. आईवडील मात्र तो मायेनं पाठवत राहतात.

पैसे गुंतले की हे सगळं विनोदी राहत नाही. २०१७ मध्ये इस्राएलच्या हर्झलिया शहरातल्या लघुवाद न्यायालयात एक घरमालक आला. त्याच्या जाहिरातीला एका जोडप्यानं मेसेज केला होता: घर आम्हाला हवंय, तपशील तेवढे बोलून घेऊ. आणि पुढे मिरवणूकच: नाचणारी बाई, विजयाची दोन बोटं, धूमकेतू, खार, शॅम्पेनची बाटली. घरमालकानं खूश होऊन जाहिरात काढून टाकली. बोलणी लांबत गेली, मधूनमधून हसरे चेहरे येत राहिले, आणि एक दिवस जोडपं उत्तर द्यायचंच बंद झालं. न्यायाधीशांनी बारीक रेघ ओढली. या मेसेजमुळे करार झाला असं नाही. पण या चिन्हांनी उत्साहाचं चित्र उभं केलं, घरमालक त्यावर विसंबला, आणि शेवटी शेवटी मनात शंका असतानाही हसरे चेहरे पाठवत राहणं हा अप्रामाणिकपणा होता. भरपाई ८,००० शेकेल. खारीचा या सगळ्यात वाटा काय, ते मला आजही उमगलेलं नाही.

याहून मोठा खेळ शेअर बाजारात झाला. अमेरिकेतली बेड बाथ अँड बियाँड ही घरगुती सामान विकणारी साखळी डबघाईला आली होती. रायन कोहेन हा तिचा बडा भागधारक, आणि मोबाइलवरून शेअर घेणाऱ्या हौशी गुंतवणूकदारांचा लाडका. ऑगस्ट २०२२ मध्ये सीएनबीसीनं कंपनीवर टीका करणारं ट्वीट केलं, सोबत ढकलगाडी घेऊन चाललेल्या बाईचा फोटो. कोहेननं त्यावर लिहिलं की निदान तिची गाडी तरी भरलेली आहे, आणि पुढे हसऱ्या चंद्राचा इमोजी. बाहेरच्याला ही नुसती टिंगल. पण त्या गुंतवणूकदारांच्या बोलीत चंद्र म्हणजे ‘शेअर आता चंद्रावर जाणार, सोडू नका’. भाव उसळला. आठवड्याच्या आत कोहेननं आपले सगळे शेअर विकून टाकले आणि ते जाहीर होताच भाव गडगडला.

नुकसान झालेल्यांनी दावा लावला. कोहेनच्या वकिलांचा युक्तिवाद होता की इमोजीला ठरलेला अर्थच नसतो, मग त्यावरून फसवणूक कशी सिद्ध होणार? वॉशिंग्टनचे न्यायाधीश ट्रेव्हर मॅकफॅडन यांनी जुलै २०२३ मध्ये तो फेटाळला. शब्दांत सांगितल्यास जी गोष्ट दाव्यास पात्र ठरली असती ती चित्रात सांगितली म्हणून सुटत नाही, असा त्यांचा रोख. हा काही कोहेन दोषी असल्याचा निकाल नव्हे. दावा पुढे चालू शकतो एवढंच त्यात ठरलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका डिजिटल चित्रांच्या कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी म्हटलं की रॉकेट, चढता आलेख आणि पैशाच्या थैल्या यांचा वस्तुनिष्ठ अर्थ एकच निघतो: गुंतवणुकीवर परतावा.

रॉकेट मराठी वाचकाला परकं नाही. सेबीकडे नोंदणी नसलेल्यानं गुंतवणुकीचा सल्ला देऊन पैसे घेणं बेकायदा आहे. म्हणून टेलिग्रामवरचे ‘सर’ शेअरचं नाव टाकतात, खाली ‘केवळ शैक्षणिक हेतूने’ असं लिहितात, आणि त्याच्याखाली तीन रॉकेटं. घ्या असं कुठेच म्हटलेलं नाही.

काही चिन्हं मुळातच परक्यांना कळू नयेत म्हणून असतात. कोविडनंतर फेसबुकवरचे लसविरोधी गट ‘लस’ या शब्दाऐवजी गाजर टाकत होते, कारण मजकूर चाळणारी यंत्रणा शब्द शोधते, भाजी नाही. बीबीसीनं २०२२ मध्ये हे उघडकीला आणलं. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं तर पालकांसाठी तक्ताच काढला: मेपलचं पान म्हणजे कुठलाही अमली पदार्थ, हिमकण म्हणजे कोकेन, विजेचा प्लग म्हणजे विकणारा. ‘अॅडोलेसन्स’ ही २०२५ ची ब्रिटिश मालिका ज्यांनी पाहिली त्यांना तो प्रसंग आठवेल, जिथं तपास करणाऱ्या पोलिसाला त्याचाच शाळकरी मुलगा बाजूला घेऊन सांगतो की इन्स्टाग्रामवरचे ते इमोजी मैत्रीचे नव्हेत, टोमण्याचे आहेत. पण लपवणारा दर वेळी लबाडच असतो असं मानायचं कारण नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये ‘मी टू’ हे शब्द समाजमाध्यमांवरून पुसले जाऊ लागले, तेव्हा बायकांनी भाताचा वाडगा आणि ससा अशी जोडी टाकायला सुरुवात केली. चिनी भाषेत तांदूळ आणि ससा जोडून म्हटलं की उच्चार होतो ‘मी तू’.

चित्र गाळूनही फसवता येतं. सिल्क रोड या काळ्या बाजाराच्या वेबसाइटचा खटला २०१५ मध्ये न्यूयॉर्कला चालला. सरकारी वकिलानं आरोपीचा एक संदेश ज्युरीला वाचून दाखवला आणि त्यातली हसऱ्या चेहऱ्याची खूण तेवढी सोडून दिली. बचावपक्षानं हरकत घेतली. न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी सांगितलं की चिन्हंही संदेशाचा भाग आहेत, ज्युरीनं ती पाहायला हवीत. मुद्दा बरोबर आहे, पण भर कोर्टात हसरा चेहरा वाचून कसा दाखवायचा? ‘हसरा चेहरा’ असं गंभीर आवाजात म्हटलं की त्यातला हसरेपणा तिथंच संपतो.

आतापर्यंतच्या सगळ्या खुणा माणसानं स्वतः टाकलेल्या. व्हॉट्सअॅपवर एक खूण अशी आहे की ती यंत्र टाकतं: मेसेज उघडला की निळ्या होणाऱ्या दोन टिका. ती चुकवायला लोक काय काय करतात! सेटिंगमध्ये जाऊन ती बंदच करतात, पडद्यावर वरून डोकावणाऱ्या नोटिफिकेशनमधून मेसेज वाचतात, किंवा विमान मोड लावून मग उघडतात. ग्रुपमध्ये मात्र ती बंद करायची सोय नाही. मेसेजच्या माहितीत कुणी कधी वाचलं याची यादी दिसतेच. मुंबई उच्च न्यायालयात २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं एक प्रकरण आलं. थकबाकीदार नोटीस घ्यायला सापडत नव्हता. कंपनीच्या अधिकाऱ्यानं शेवटी त्याच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पीडीएफ आणि एक संदेश पाठवला. दोन्ही टिका निळ्या झाल्या. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी म्हटलं की संदेश आणि जोडपत्र नुसतं पोचलंच नाही तर उघडलंही गेलं आहे, आणि नोटीस बजावली गेली असं धरलं. इतके दिवस तोंड चुकवणाऱ्या माणसाला ती फाइल उघडून पाहायचा मोह काही आवरला नव्हता.